नाळेचं रक्त लॉकरमध्ये ठेवायचं की नाही?

गेल्या दोन-तीन महिन्यांत एकच प्रश्न मला तिघींनी विचारला. एकीने मंदिरात, एकीने फोनवर, आणि तिसरी माझी भाचीच. बाळ झालं की नाळेतलं रक्त काढून बँकेत ठेवतात, ते ठेवावं का? आणि आपल्यात ते चालतं का? खरं तर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला पैशाचा आणि वैद्यकाचा, दुसरा धर्माचा. दोन्हींवर मी बरंच वाचलं, ओळखीच्या दोन डॉक्टरांना पिडलं, आणि माझं मत झालं ते आज लिहिते आहे.

घाईत असाल तर उत्तर आधीच सांगते, म्हणजे कुकरची शिट्टी व्हायच्या आत वाचून होईल. फक्त स्वतःच्या बाळासाठी म्हणून खासगी बँकेत नाळेचं रक्त ठेवण्यात पैसे घालू नका. धर्म आड येतो म्हणून नव्हे. स्टेम सेलच्या या सगळ्या विषयात धर्माने जिथे खरोखर हात धरायला हवा तिथे आपण त्याला विचारत नाही, आणि जिथे मोकळ्या मनाने पुढे व्हायला हवं तिथे नेमके नियम आठवतात. ते कसं, ते सांगते.

स्टेम सेलला मराठीत मूलपेशी म्हणतात. मला ती समजली विरजणावरून. दही लावलं, खाल्लं, पण चमचाभर उद्यासाठी बाजूला ठेवलं, की उद्याही दही मिळतं. शरीरातल्या बहुतेक पेशी एकेका कामाला कायमच्या लागलेल्या असतात. मूलपेशी मात्र दोन कामं करते. आपल्यासारखीच पेशी मागे ठेवते, आणि दुसरीला गरज असेल त्या कामाची बनवते. (मर्यादेचं दही लावणाऱ्या, विरजणाऐवजी चांदीचा रुपया घालणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी उदाहरण चालवून घ्यावं.) रक्ताची एक लाल पेशी जेमतेम १२० दिवस जगते. तरी रक्त संपत नाही, कारण हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, मूलपेशी बसलेल्या आहेत आणि तिथे दर सेकंदाला वीसेक लाख नव्या लाल पेशी तयार होत असतात. टोरांटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून या पेशी दाखवून दिल्या. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये देशातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ मध्ये झालं. म्हणजे ही काही कालची जादू नव्हे. ब्लड कॅन्सर, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अॅनिमिया अशा रक्ताच्या आजारांत ही वर्षानुवर्षं वापरलेली, हिशेब कळलेली उपचारपद्धती आहे.

आपल्याला तर ही कल्पना परकी वाटायलाच नको. बटाटा, आलं, रताळं आपण का खात नाही? अनंतकाय म्हणून. आणि अनंतकाय ओळखायचं एक लक्षण स्वाध्यायात लहानपणापासून ऐकलेलं आहे, की कापलं तरी पुन्हा उगवतं ते. बटाट्याचा एक डोळा असलेला तुकडा मातीत टाकला की पूर्ण झाड येतं. पुन्हा उगवण्याची ताकद जिथे जास्त, तिथे जीव जास्त, म्हणून तिथे हात लावताना जास्त विचार करायचा, असं मी त्यातून समजले. मूलपेशीवरच्या संशोधनालाही मी हाच नियम लावते. मूलपेशी म्हणजे जीव असं माझं म्हणणं नाही, पण ती कुठून आली हे विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, एवढं तरी खरं.

आता नाळेकडे येऊ. बाळाच्या नाळेत आणि वारेत जे रक्त उरतं, त्यात बोन मॅरोसारख्याच रक्त बनवणाऱ्या मूलपेशी असतात. १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण केलं. रुग्ण होता अमेरिकेतला एक लहान मुलगा, त्याला फॅन्कोनी अॅनिमिया नावाचा जन्मजात आजार. आणि रक्त कोणाचं होतं? त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचं. जाहिरातींत हे पहिलं प्रत्यारोपण आवर्जून येतं, पण बहिणीचं रक्त भावाला दिलं होतं, ही गोष्ट बारीक अक्षरात जाते. त्याचं स्वतःचं नाळेचं रक्त ठेवलेलं असतं तरी काही उपयोग नव्हता. आजार त्याच्या प्रत्येक पेशीत जन्मापासून होता, तसाच नाळेतही असता.

भाचीला मिळालेलं रंगीत पत्रक मी चष्मा लावून नीट वाचलं. "ऐंशीहून जास्त आजारांवर उपयोगी." ही यादी खोटी नाही, पण ती वाचायची कशी हे पत्रक सांगत नाही. त्यातल्या बहुतेक आजारांत पेशी लागतात त्या दुसऱ्याच्या. थॅलेसेमियासारख्या जन्मजात आजारात स्वतःच्या पेशींत तोच दोष असतो. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्येही बिघाडाचं बीज कधीकधी नाळेच्या रक्तातच असतं, म्हणून डॉक्टर मुलाचं स्वतःचं रक्त वापरायला कचरतात. शिवाय नाळेतून मिळणारं रक्त जेमतेम वाटीभर. मूल मोठं होऊन साठ-सत्तर किलोचं झालं, की तेवढ्यातल्या पेशी बऱ्याचदा पुरत नाहीत.

मग स्वतःचंच साठवलेलं रक्त स्वतःला लागण्याची शक्यता किती? भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने, २०१८ च्या निवेदनात आकडा दिला आहे: वयाच्या पहिल्या वीस वर्षांत २,५०० मध्ये एक ते २,००,००० मध्ये एक. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही, स्वतःच्या भविष्यातल्या वापरासाठी नाळेचं रक्त ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही, असंच म्हटलं आहे. त्याच तत्त्वांनुसार साठवायला परवानगी आहे ती फक्त नाळेच्या रक्ताला. नाळेचा तुकडा, वार, दुधाचे दात यांची बँक चालवायला परवानगी नाही. तुमच्या पत्रकात यातलं काही "मोफत सोबत" लिहिलेलं असेल, तर तिथेच पत्रक घडी करून ठेवा.

मी बी.कॉम. झाले त्याला चार दशकं उलटली, पण चक्रवाढ व्याज अजून विसरले नाही. पत्रकातली योजना साठ हजारांची होती. साठ हजार सात टक्क्यांनी वीस वर्षं ठेवले तर दोन लाख बत्तीस हजारांच्या आसपास होतात. याला कोणी विमा म्हणू नये. विम्यात घर जळलं की घराचे पैसे मिळतात. इथे घर जळलं तर बादलीभर पाणी मिळणार, आणि तेही आग त्या पाण्याने विझणारी असेल तर. त्यापेक्षा बाळाला चांगला आरोग्य विमा घ्या, उरलेले पैसे त्याच्या नावे ठेवा.

पण पैशाहून मोठी गोष्ट वेगळीच आहे आणि ती पत्रकात कुठेच नव्हती. नाळेतलं ते रक्त वाया जाणारं नसतं. ते बाळाचंच असतं. बाळ बाहेर आल्यावर मिनिट-दोन मिनिटं नाळ धडधडत असते आणि वारेतलं रक्त बाळाकडे जात असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळाची प्रकृती ठीक असेल तर नाळ बांधायला एक मिनिटाच्या आत घाई करू नये. त्याने बाळाला पुढच्या काही महिन्यांपुरतं लोह मिळतं. आपल्याकडे शाकाहारी घरांत बायकांना लोह कमी, मग बाळांनाही कमी, हे तुम्हाला मी काय सांगायचं. थांबून नाळ बांधली की पिशवीत गोळा करायला रक्त कमी उरतं. म्हणजे बँकेची पिशवी भरायची तर नाळ लवकर बांधण्याचा मोह होतो. वीस वर्षांनी कदाचित लागेल म्हणून आज हक्काचं आहे ते काढून घ्यायचं. परिग्रहाची व्याख्या मला याहून सोप्या शब्दांत करता येणार नाही. भीती दाखवून करायला लावलेला परिग्रह तर आणखी वाईट. पोटुशी बाई, पहिलटकरीण, सातवा महिना, आणि समोरचा विचारतो, "बाळासाठी एवढंही करणार नाही का?" या प्रश्नाला नाही म्हणायला आईला किती बळ लागतं!

अलीकडे सामुदायिक बँका निघाल्या आहेत. सगळ्या सभासदांचं रक्त एका साठ्यात, आणि सभासदाला गरज लागली तर त्यातलं जुळणारं मिळतं. फक्त स्वतःच्या लॉकरपेक्षा ही कल्पना बरी. तरी ही फक्त सभासदांना खोली देणारी धर्मशाळा झाली. शिवाय आता आई-वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशींवरही प्रत्यारोपण करण्याचं तंत्र खूप सुधारलं आहे, त्यामुळे नाळेच्या रक्ताची गरजच पूर्वीपेक्षा कमी झाली आहे.

एका घरात मात्र मी स्वतः सांगेन, ठेवा. ज्या घरात मोठ्या मुलाला थॅलेसेमिया किंवा तसाच आजार आहे आणि दुसरं मूल येऊ घातलं आहे, तिथे डॉक्टरांशी बोलून दुसऱ्या बाळाच्या नाळेचं रक्त जरूर ठेवा. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. तिथे साठवणं हा परिग्रह नाही, ती समोर दिसणाऱ्या गरजेची तयारी आहे.

आणि थॅलेसेमियाचं नाव निघालंच आहे तर एक सांगून टाकते. आपल्या देशात सरासरी शंभरात तीन-चार जण या आजाराचे वाहक असतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी अशा काही समाजांत प्रमाण आणखी जास्त. वाहकाला काहीही त्रास नसतो, म्हणून त्याला पत्ताच नसतो. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे मामाच्या मुलीशी लग्न अजून सर्रास होतं, म्हणजे एकाच घरातला दोष दोन्हीकडून यायला वाट मोकळी. पत्रिकेतले गुण जुळवताना एचबीए-टू ची एक रक्ततपासणी करून घ्यायला काय जातं? या आजाराचं मूल दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवून जगतं. बोन मॅरो प्रत्यारोपणाने बरं होऊ शकतं, पण खर्च लाखांत. कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, जुळणारा दाता असेल तर दहा लाखांपर्यंत मदत मिळते, उत्पन्नाची अट आहे. मुंबई महापालिकेचं बोरिवलीला यासाठी खास केंद्र आहे. गरज असणाऱ्या घरापर्यंत हे पोचवा.

आता धर्माचा प्रश्न. स्वाध्यायात एका आज्जींनी शंका काढली की शरीराबाहेर पडलेल्या रक्तात अंतर्मुहूर्तात संमूर्च्छन जीव होतात, मग रक्त साठवून ठेवणं म्हणजे हिंसाच नाही का? शंका चुकीची नाही. पण मग रक्तपेढीतली प्रत्येक बाटली तशीच, आणि महावीर जयंतीला रक्तदानाची शिबिरं आपल्याच संस्था भरवतात. मरणाऱ्याला वाचवण्यासाठी गृहस्थ जे करतो आणि हौसेने किंवा लोभाने जे करतो, त्यात शास्त्राने फरक केलेला आहे. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे हिंसेचे चार प्रकार आपण शिकतो. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण सुटत नाही, म्हणून तर रोज आलोचना करायची. संकल्पी मात्र सोडायचीच.

खरा धर्माचा प्रश्न नाळेपाशी नाहीच, तो गर्भापाशी आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी मानवी गर्भातून मूलपेशी वेगळ्या करून वाढवल्या. पाच-सहा दिवसांचा गर्भ, शंभर-दोनशे पेशींचा, सुईच्या टोकाएवढा. त्याच्या आतल्या पेशी शरीराचा कुठलाही अवयव बनवू शकतात, म्हणून शास्त्रज्ञांना त्या हव्या असतात. त्या काढल्या की गर्भ संपतो. माणूस कसा घडतो, एका पेशीतून हृदय कुठलं आणि नख कुठलं हे कसं ठरतं, याबद्दल या पेशींनी खूप शिकवलं, हे मान्य. पण आपल्या मते जीव गर्भधारणेलाच येतो. नियमांत चौदा दिवसांची रेषा आहे, त्यापुढे प्रयोगशाळेत गर्भ वाढवायचा नाही. ती रेषा कायद्याला लागते. माझ्या मनाला ती पटत नाही. तेराव्या दिवशी माल आणि पंधराव्या दिवशी जीव, असं कसं?

प्रयोगासाठीच गर्भ तयार करणं ही माझ्या मते सरळ संकल्पी हिंसा आहे. त्याहून अवघड आहेत ते आयव्हीएफमध्ये उरलेले गर्भ. आणि इथे मला आपल्याच लोकांना टोचायचं आहे. मूल होत नाही म्हणून आपल्या समाजातली किती जोडपी पुण्या-मुंबईला, कोल्हापूरला आयव्हीएफ करून घेतात. करावं, त्यांचं दुःख खरं आहे. पण किती गर्भ तयार केले, किती सोडले, किती गोठवले, हे कोणी विचारतं का? जमिनीखालचं आलं घरात येऊ न देणारी माणसं गोठवलेल्या गर्भाचं भाडं दरवर्षी ऑनलाइन भरतात आणि एक वर्षी भरायचं थांबतात. २०२१ च्या कायद्यानुसार दहा वर्षांहून जास्त ते ठेवता येत नाहीत. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायचे. म्हणजे शेवटी कोणीतरी कागदावर सही करतंच. मला कोणी विचारलं तर मी संशोधनाच्या कागदावर सही करा म्हणणार नाही, आणि टाकून द्या असंही तोंडाने म्हणवणार नाही. मी आधीच्या टप्प्यावर बोलेन: डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा, जेवढे गर्भ ठेवणार तेवढेच तयार करा. खर्च वाढेल, खेपा वाढतील, यश मिळायला वेळ लागेल. उपासाला जशी किंमत असते तशी याला आहे.

या बाबतीत मला मनापासून आवडलेला माणूस म्हणजे जपानचे शिन्या यामानाका. हाडांचे डॉक्टर, पुढे संशोधनात गेले. मित्राच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकातून एक गर्भ पाहिला आणि त्यांना वाटलं, हा आणि माझ्या मुली यांत फरक तो काय, गर्भ न मोडता काही मार्ग निघायला हवा. ही गोष्ट त्यांनी मुलाखतीत सांगितली आहे. २००६ मध्ये त्यांनी उंदराच्या साध्या पेशीत चार जनुकं घालून तिला मागे, गर्भातल्या मूलपेशीसारख्या अवस्थेत नेलं. २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशीवर तेच जमलं. २०१२ चं नोबेल त्यांना आणि सर जॉन गर्डन यांना मिळालं. गर्डन यांनी बेडकांवर १९६२ मध्येच दाखवलं होतं की मोठ्या झालेल्या पेशीतही सगळं लहानपण शाबूत असतं. आपल्या भाषेत, पर्याय बदलतो, द्रव्य तेच. २०१४ मध्ये जपानमध्ये सत्तरीतल्या एका बाईंच्या डोळ्यात, त्यांच्याच त्वचेपासून अशा पेशी बनवून, पडद्याचा थर बसवला. वर्षभराने थर टिकून होता. नजर सुधारली नाही, पण आणखी बिघडलीही नाही. एवढंच. "आता सगळे अवयव नवे मिळणार" असे जे फॉरवर्ड येतात ते पाठवण्याआधी हे आठवा.

गर्भ सुटला म्हणजे हिंसा सुटली असंही नाही. हे वाचून मला रात्री झोप लागली नव्हती, म्हणून लिहिते. प्रयोगशाळेत पेशी वाढवायला खाद्य लागतं आणि वर्षानुवर्षं त्यात घालतात गाईच्या गर्भाचं रक्तद्रव. कत्तलखान्यात गाभण गाय कापली जाते, तिच्या पोटातल्या वासराच्या रक्तापासून ते काढतात. आता त्याशिवाय वाढवण्याची द्रव्यं निघाली आहेत, माणसाच्या रक्तबिंबिकांपासून केलेलंही आहे, पण गर्भ-रक्तद्रवाचा वापर थांबलेला नाही. आपल्या संस्था इस्पितळांना देणग्या देतात, संशोधनाच्या इमारतींवर आपली नावं लागतात. देणगीच्या पत्रात एक ओळ घालता येते की वासराच्या रक्तद्रवाशिवाय पेशी वाढवण्याच्या कामाला हे पैसे वापरा. बटाट्यावर इतकी चर्चा करतो, तर यावर एक ओळ तरी?

आणि असं होऊ शकतं, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था. बुबुळाच्या कडेला मूलपेशींची एक गोल पट्टी असते, तिच्यावर बुबुळाचा पारदर्शक थर सतत नवा होत राहतो. डोळ्यात चुना किंवा अॅसिड गेलं की ती पट्टी जळते आणि डोळा पांढरा होतो. तिथल्या डॉक्टरांनी दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या कडेचा छोटा तुकडा घेऊन पेशी वाढवायला सुरुवात केली, आणि खाद्य म्हणून वापरलं रुग्णाचंच रक्तद्रव. पुढे डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी याहून सोपी पद्धत काढली, २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दोन मिलिमीटरचा तुकडा, त्याचे आठ-दहा बारीक कण, ते आजारी डोळ्यावर मांडायचे, बस. प्रयोगशाळा नको, परक्या प्राण्याचं काही नको. खाली जो पातळ पापुद्रा पसरतात तो कशाचा? सिझेरियन झालेल्या आईने दिलेल्या वारेचा. जी वार आपण टाकून देतो, तिच्यावर कोणाचा तरी डोळा उगवतो. (चुन्याची पुडी मुलांच्या हाती देऊ नका. फुटून थेट डोळ्यात उडते. गड्यांच्या, कामवाल्या बाईंच्या घरीही सांगा.)

गुडघ्यांबद्दल थोडक्यात, कारण आपल्या वयाच्या बायकांना तो प्रश्न येणारच. गुडघ्यात, मुलांच्या स्वमग्नतेवर, मधुमेहावर, अर्धांगवायूवर स्टेम सेलची इंजेक्शनं देतो म्हणणारे दवाखाने आहेत. आयसीएमआरच्या २०१७ च्या तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार आणि मान्यता मिळालेले मोजके उपचार सोडून बाकी सगळं प्रायोगिक आहे. ते रीतसर चाचणीतच करायचं असतं, आणि रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. दर सांगितला, हप्ते सांगितले, की उठून या. प्रतिक्रमणाला खुर्चीवर बसलं तरी पुण्य कमी होत नाही.

मग मूलपेशींसाठी आपण करायचं तरी काय? द्यायच्या. ज्याला पेशी हव्यात आणि ज्याची भावंडं जुळत नाहीत, त्याला अनोळखी दाता शोधावा लागतो. जुळणी होते ती वंशाने चालत आलेल्या खुणांवर, त्यामुळे आपल्याच मुळांच्या माणसांत ती मिळण्याची शक्यता जास्त. २०११ च्या जनगणनेत देशात आपण साडेचव्वेचाळीस लाख, त्यातले चौदा लाख महाराष्ट्रात. शतकानुशतकं आपापसात लग्न करणारा समाज. आपल्या घरातल्या एखाद्या पोराला ब्लड कॅन्सर झाला, तर त्याचा जुळणारा दाता बहुधा आपल्यातच कुठेतरी दुकानात बसलेला असेल. पण त्याचं नाव नोंदवहीत नसेल तर तो सापडणार कसा? चेन्नईहून चालणारी दात्री ही अशी नोंदणी करणारी संस्था आहे. वय १८ ते ५०, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, झालं. माझं वय उलटून गेलं. तुमच्या मुलांचं नाही.

जुळलं तर पाठीच्या कण्यातून काही काढत नाहीत. बहुतेक वेळा पाच दिवस इंजेक्शनं घेऊन मग हाताच्या शिरेतून, प्लेटलेट देतात तसं, चार-पाच तास यंत्राला बसायचं. अंग दुखतं, ताप आल्यासारखं वाटतं, काही दिवसांत जातं. दिलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत भरून काढतं. विरजणच ते. औषधदान आणि अभयदान दोन्ही एका बैठकीत.

अडतं कुठे, तेही ऐका. मुलगा कॉलेजात उत्साहाने नाव नोंदवतो. चार वर्षांनी फोन येतो, तुमच्या पेशी एका रुग्णाशी जुळताहेत. आणि घरातून नकार जातो. नकार देणारी कोण? बऱ्याचदा आपणच, आई, आजी, नवी सून असेल तर सासू. "एकुलता एक आहे, काही झालं तर?" समोरच्या रुग्णाला प्रत्यारोपणाआधी जोराची औषधं देऊन त्याचा स्वतःचा मॅरो पुरता रिकामा केलेला असतो. तेव्हा मागे फिरलं तर तो वाचत नाही. म्हणून नाव नोंदवण्याआधीच घरात, जेवताना, सगळ्यांसमोर बोलून घ्या. नाही म्हणायचं असेल तर त्या दिवशी म्हणा, नंतर नाही.

भाचीने ठरवलं आहे, नाळ थांबून बांधायची, आणि तसं डॉक्टरांना लिहून दिलं आहे. तिच्या नवऱ्याने गालाची काडी दिली. सासूबाई अजून घुश्शात आहेत, त्यांच्या मते साठ हजार म्हणजे काही फार नव्हते.

महावीर जयंतीला आमच्या मंदिराच्या हॉलमध्ये दरवर्षीप्रमाणे रक्तदान शिबिर आहे. त्याच हॉलमध्ये गालाच्या काडीचं एक टेबल मांडता येईल का, असं मी कार्यकारिणीला लेखी विचारलं आहे. अजून उत्तर नाही. अध्यक्षांच्या मंडळी माझे लेख वाचतात, हे मला ठाऊक आहे.

जय जिनेंद्र.